प्राध्यापक उंदराची स्मरणशक्ती

वाचनालयाच्या सभागृहात त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी तिथे कुणी पुस्तक मागायला आलं तर ग्रंथपाल बिचारा दचकून उभा राहतो. पण आज जो तो आपापल्या म्हाताऱ्या आईवडिलांना हाताला धरून आणत होता, खुर्च्यांवरून भांडणं चालली होती, आणि हे सगळं कशासाठी, तर एका उंदराला पोहताना बघायला.

स्टेजवर फुगवायचा मोठा गोल हौद ठेवला होता. त्यातलं पाणी दुधाची पावडर कालवून पांढरं केलेलं, म्हणजे तळ दिसायला नको. हौदाशेजारी पांढऱ्या कोटातले एक गृहस्थ उभे होते. कोटाच्या खिशाला पेनांची रांग आणि गळ्यात स्टेथोस्कोप. तो कुणाला लावायचा होता कोण जाणे, कारण स्टेजवर पेशंट म्हणून फक्त उंदीर होता. गावभर त्यांना डॉक्टरसाहेब म्हणत. कशाचे डॉक्टर, हे विचारायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. मी त्यांना पहिल्या दिवसापासून थेंबवाले म्हणत आले.

"बंधूंनो आणि भगिनींनो, मेंदू म्हणजे काय?" थेंबवाल्यांनी विचारलं आणि कुणी उत्तर देण्याआधी स्वतःच देऊन टाकलं. "मेंदू म्हणजे कपाट. आठवणी म्हणजे कपाटातले कपडे. डोक्याला मार लागला, वय झालं, की कपडे नाहीसे होतात का? नाही. कपाटाचं दार अडकतं. आमचे थेंब त्या दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालतात."

मी जनावरांची डॉक्टर आहे. आजवर गाईपासून मांजरापर्यंत पुष्कळ मेंदू उघडून पाहिलेत. बिजागरी अजून एकातही सापडलेली नाही.

मग त्यांनी पिंजऱ्यातून एक पांढरा उंदीर काढला. याचं नाव प्राध्यापक. त्याच्या टाळूवर जुन्या टाक्यांचा व्रण होता. थेंबवाल्यांनी सद्गदित होऊन सांगितलं की परदेशातल्या एका प्रयोगशाळेत याच्या मेंदूचा आठवणींचा भाग निकामी करण्यात आला, आता याला काही म्हणजे काही आठवत नाही. पहिल्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. त्यातल्या निम्म्याजणी घरी उंदरांना विषारी गोळ्या घालतात, पण तो भाग वेगळा.

प्रयोग असा. प्रेक्षकांपैकी कुणीतरी हौदातली एक जागा बोटाने दाखवायची. तिथे पाण्याखाली उंच पायांचा एक लोखंडी पाट ठेवायचा, वरून अजिबात न दिसणारा. प्राध्यापकाला एकदा त्या पाटावर बसवून जागा 'दाखवायची' आणि मग दुसऱ्या टोकाला पाण्यात सोडायचं. उंदराला पाण्यात राहणं आवडत नाही, जागा आठवत असेल तर तो सरळ पाटावर जाणार. प्राध्यापक गेला नाही. तो बिचारा गोल गोल पोहत राहिला, पाटाच्या शेजारून गेला तरी त्याला पत्ता नाही. सभागृहात हळहळ पसरली. त्याला बाहेर काढून पुसलं, आत पडद्यामागे नेऊन तोंडात थेंब घातले. सभागृहातले दिवे मालवले. "आता मागे बसलेल्यांनाही दिसावं म्हणून," असं म्हणत थेंबवाल्यांनी एक उंच हिरवा दिवा स्वतःच्या हातांनी आणून पाटाच्या जागेजवळ उभा केला आणि त्याचं बटण दाबायचा मान नगराध्यक्षांना दिला. प्राध्यापकाला पुन्हा सोडलं. तो नाकासमोर पोहत गेला आणि पाटावर चढून मिशा पुसू लागला.

टाळ्या थांबेनात. माझ्या शेजारी बसलेली माझी ताई टाळ्या वाजवत नव्हती. ती रडत होती.

आता ताईचं सांगायला हवं, कारण तिच्यामुळेच मी तिथे गेले होते, नाहीतर उंदीर मला दवाखान्यात फुकट बघायला मिळतात. माझे भावोजी सायकलदुरुस्ती करायचे. दुकानाच्या माळ्यावरून चाकांच्या रिमा काढताना शिडी सरकली, ते डोक्यावर पडले आणि त्या दिवसानंतर त्यांच्या डोक्यात नवीन काही राहीनासं झालं. जुनं सगळं आहे. लग्न आठवतं, दुकान आठवतं, मी लहानपणी त्यांच्या सायकलवरून पडले तेही आठवतं. पण आत्ता प्यायलेला चहा आठवत नाही. दुकान विकलं हे आठवत नाही, म्हणून ते रोज दुकानात जायला निघायचे आणि कुठल्यातरी चौकात हरवून उभे राहायचे. ताईने बाहेरच्या दाराला आतून कुलूप लावून ठेवलं होतं. शिवाय मार लागल्यापासून त्यांना फिट यायच्या. त्यावर मोठ्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि फिट थांबल्या. गोळ्यांनी थोडी सुस्ती यायची, एवढंच.

हात मात्र त्यांचे काही विसरले नव्हते. गॅलरीत एक जुनी सायकल उलटी करून ठेवलेली असते. भावोजी रोज तिच्या चाकाचा आऊट काढतात, म्हणजे वाकडं फिरणारं चाक तारा आवळून सरळ करतात. रोज तेच चाक. ते दुपारी झोपले की ताई जाऊन तारा पुन्हा सैल करून ठेवते, का, तर त्यांना संध्याकाळी काम असावं. अशी माझी ताई आहे. तिला कुणी फसवावं, हे मला सहन होणारं नव्हतं.

घरी येताना मी तिला म्हटलं की यात काहीतरी चलाखी आहे. ती म्हणाली, असेल, पण काय ते सांग. तिथेच माझं घोडं अडलं. पण गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. पडद्यामागे नेतो म्हणजे उंदीर बदलतो, दुसरं काय, असं मी ठरवून टाकलं. पुढच्या प्रयोगाला मी जनावरांच्या जखमांना लावायचं निळं औषध घेऊन गेले, भर सभेत उभी राहिले आणि प्राध्यापकाची शेपटी रंगवायची परवानगी मागितली. थेंबवाले इतके गोड हसले की मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी शेपटी निळी केली. पडद्यामागून निळ्या शेपटीचाच उंदीर बाहेर आला आणि निळ्या शेपटीचाच उंदीर नाकासमोर पोहत पाटावर गेला.

दुसऱ्या दिवशी बाजारात बोर्ड लागला: 'तज्ज्ञ पशुवैद्यांनी जाहीर तपासणी करून खात्री केलेले थेंब.' मी त्याला उघडं पाडायला गेले होते आणि त्याची जाहिरात करून आले. औषधाच्या दुकानदाराने मला रस्त्यात थांबवून विचारलं, मॅडम, तुम्हाला कमिशन किती?

खरा घोळ पुढेच झाला. ताईने त्याच आठवड्यात थेंब आणले. त्याबरोबर थेंबवाल्यांची सूचना होती की मोठ्या डॉक्टरांच्या गोळ्या ताबडतोब बंद करा, त्या गोळ्यांनीच दार आतून बंद होतं. ताईने गोळ्या बंद केल्या. मी आकांडतांडव केलं. ती शांतपणे म्हणाली, "सगळ्यांसमोर शेपटी रंगवून खात्री तूच केलीस. मग आता का नको म्हणतेस?"

आणि काय सांगू, भावोजी खरंच तरतरीत झाले. डोळ्यांतली झोप गेली, बोलणं भरभर झालं, जुने विनोद सांगू लागले. ताई फोनवर मला ते ऐकवायची. मग एका सकाळी स्वयंपाकघरात ते ताठ झाले आणि खाली कोसळले. फिट थांबता थांबेना. इस्पितळात इंजेक्शन दिल्यावर थांबली. मोठे डॉक्टर ताईला स्पष्ट म्हणाले की गोळ्या पुन्हा सुरू करा, यापुढची फिट कदाचित थांबणार नाही.

तुम्हाला वाटेल, आता तरी ताईचे डोळे उघडले असतील. छे. थेंबवाल्यांनी फोनवर सांगितलं होतं की हे फार चांगलं लक्षण आहे, गोळ्यांचं साचलेलं विष बाहेर पडतंय, रविवारी यांना घेऊन या, मी स्टेजवर स्वतः दुप्पट डोस देतो. हे एक बरं असतं. माणूस हसला तर थेंबांचा गुण, पडला तर थेंबांचा जास्त गुण. घरी आणल्यावर गोळ्यांची पट्टी कपाटात तशीच पडून राहिली. मी ओरडले, हाता-पाया पडले. ताईचं एकच, रविवार होऊ दे. तिला मी दोष देत नाही. ज्या बाईला नवरा रोज नव्याने विचारतो की आज दुकान का बंद आहे, तिने कशालाही धरून ठेवलं असतं.

शनिवारी मी भावोजींजवळ बसले होते. ताई जरा पडली होती. भावोजी उठून गॅलरीत आले, चाक फिरवून पाहिलं, मान हलवली आणि तारा आवळायची चावी घ्यायला वळले. ती चावी खिडकीखालच्या फळीवर एका लाल डब्यात असते. त्या दिवशी डब्यात तेल सांडलं म्हणून ताईने डबा धुऊन पलीकडच्या कठड्यावर वाळत ठेवला होता आणि चावी फळीवरच होती, उघडी, डोळ्यांसमोर. भावोजी फळीवरून पुढे गेले. थेट कठड्याकडे. रिकाम्या डब्यात हात घातला आणि गोंधळून माझ्याकडे बघू लागले.

मी चावी त्यांच्या हातात दिली. इतके दिवस आम्हाला वाटायचं की चावीची जागा तेवढी यांना आठवते. त्यांना जागा आठवतच नव्हती. लाल डबा दिसला की त्यात हात घालायचा, एवढी सवय हातापायांना झाली होती. डबा जाईल तिकडे ते जाणार. आणि माझ्या डोळ्यांपुढे तो हिरवा दिवा उभा राहिला, मागच्या लोकांना दिसावं म्हणून दर वेळी स्वतःच्या हातांनी पाटाशेजारी आणून ठेवलेला. मी नुसती उंदराची शेपटी बघत बसले होते आणि दिव्याकडे पाहिलंच नव्हतं.

त्या वेळी मी ताईला काही बोलले नाही. एकदा तोंडघशी पडले होते. शिवाय तिने आता कुणाच्या शब्दावर नाही, स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवावा असं मला वाटत होतं.

रविवारी सभागृह आणखी भरलं होतं. भावोजींना पहिल्या रांगेत बसवलं होतं, ताई त्यांचा हात धरून. मला पाहिल्यावर थेंबवाल्यांना कोण आनंद झाला. आमच्या शास्त्राची परीक्षा घेऊन शरण आलेल्या डॉक्टर मॅडम, अशी माझी ओळख करून दिली आणि दिव्याचं बटण दाबायचा मान मलाच दिला. मी नम्रपणे स्टेजवर गेले. मला नम्रता फारशी जमत नाही, पण त्या दिवशी जमली.

पहिला भाग नेहमीसारखा झाला. सभागृहातल्या एका आजोबांनी डावीकडची जागा दाखवली, तिथे पाट ठेवला, प्राध्यापक गोल गोल पोहला, लोक हळहळले. पडद्यामागे थेंब दिले. सभागृहातले दिवे गेले. थेंबवाल्यांनी हिरवा दिवा डावीकडे आणून ठेवला. मी बटण दाबलं, टाळ्या घेतल्या आणि दिव्याची दांडी धरून तो सरळ हौदाच्या उजव्या बाजूला ओढत नेला.

"अहो, काय करताय?" थेंबवाले म्हणाले.

"उजवीकडच्या मागच्या लोकांनाही दिसू दे की," मी म्हटलं. "दिवा त्यासाठीच आहे ना?"

उजवीकडच्या मागच्या लोकांनी जोरात हो म्हटलं. थेंबवाले म्हणाले की दिव्याच्या लहरी पाटाला जुळवलेल्या असतात. मी म्हटलं, लहरींचं तुम्ही आजवर बोलला नव्हता, लोकांना दिसावं म्हणून एवढंच म्हणायचात. जागा दाखवणारे आजोबा काठी आपटत म्हणाले की आठवण उंदराला आली आहे ना, मग दिवा कुठेही असेना, सोडा त्याला. इतक्या लोकांसमोर नाही म्हणायला थेंबवाल्यांना कारण सुचेना. त्यांनी प्राध्यापकाला पाण्यात सोडलं.

प्राध्यापक नाकासमोर पोहत गेला. उजवीकडे. दिव्याखाली पोचला आणि पाय टेकायला पाट शोधू लागला. तिथे पाट नव्हता. तो तिथल्या तिथे धडपडत राहिला, पुन्हा पुन्हा त्याच कोपऱ्यात, आणि थेंबांनी आठवण आलेल्या त्या उंदराला डावीकडचा पाट काही आठवेना. मलाच त्याची दया आली आणि मी त्याला उचलून घेतलं.

थेंबवाल्यांनी लगेच तोंड उघडलं. नकारात्मक शक्ती, संशयी नजर, उंदीर बिथरला, वगैरे. मी त्यांना पुरतं बोलू दिलं. मग नगराध्यक्षांच्या पुढ्यातल्या पाण्याच्या बाटलीतले चार थेंब सगळ्यांसमोर प्राध्यापकाच्या तोंडात घातले, दिवा पुन्हा पाटाशेजारी ठेवला आणि त्याला सोडलं. सरळ पाटावर. मग थेंबवाल्यांच्याच बाटलीतले थेंब दिले, दिवा विझवला, सभागृहाचे दिवे लावले आणि सोडलं. गोल गोल, गोल गोल. आजोबा एकटेच मोठ्याने हसले.

मी माइक घेतला. म्हटलं, उंदीर खोटा नाही आणि त्याची जखमही खोटी नाही. याच्या मेंदूचा जो भाग जागा लक्षात ठेवतो तो खरंच गेलाय, आणि थेंबांनी त्यातला केसभरही परत आलेला नाही. पण सवय लागायला मेंदूचा वेगळा भाग असतो, तो याचा शाबूत आहे. या गृहस्थांनी आधी रोज दिव्याखाली पाट ठेवून याला पाण्यात सोडलं. दिव्याकडे गेलं की पायाखाली काहीतरी लागतं, एवढं तो शिकला. इथे तुमच्यासमोर आधी दिव्याशिवाय सोडतात, तेव्हा तो चुकतो. मग दिवा आणतात, तेव्हा तो पोचतो. मधे थेंब देतात ते तुम्हाला विकायचे म्हणून.

"पण माझ्या वडिलांना गुण आलाय," मागून एकजण म्हणाला. मी त्याला विचारलं की थेंबांबरोबर कुठल्या गोळ्या बंद केल्यात का. त्याने नाव सांगितलं. सुस्ती आणणारी गोळी. मी म्हटलं, सुस्ती आणणारी गोळी थांबवली की माणूस काही दिवस तरतरीत दिसणारच, त्याला थेंब कशाला लागतात. ती गोळी ज्या दुखण्यावर होती ते दुखणं मात्र कुठेही गेलेलं नसतं. उद्या सकाळी डॉक्टरांकडे जा.

मी आणखी बोलणार होते, पण ताई उठून उभी राहिली होती. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती थेंबवाल्यांकडे बघत होती.

"यांना फिट आली तेव्हा मी तुम्हाला फोन केला होता," ती म्हणाली. "गोळी देऊ का म्हणून विचारलं होतं. तुम्ही नको म्हणालात. ते मेले असते तर तुम्ही काय सांगितलं असतंत मला? सगळं विष बाहेर पडलं म्हणून?"

थेंबवाले घड्याळात बघून म्हणाले की त्यांना दुसरीकडे कार्यक्रम आहे. लोक वाट अडवून उभे राहिले, पोलिसांना बोलावलं, बरीच तणतण झाली. त्या सगळ्या गोंधळात ताईने पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली, पाण्याची बाटली उघडली आणि भावोजींना गोळी दिली. म्हणजे पट्टी तिने बरोबर आणली होती. मी तिला त्याबद्दल कधी विचारलं नाही.

भावोजींनी गोळी गिळली, स्टेजकडे बघितलं आणि मला विचारलं, "हा उंदीर कुणाचा गं?"

आता माझा आहे. थेंबवाले हौद, कोट, बाटल्या, सगळं टाकून गेले, त्यात प्राध्यापकही होता. त्याचा पिंजरा ताईच्या गॅलरीत आहे. पिंजऱ्यातलं फिरायचं चाक वाकडं होतं, भावोजींनी ते पहिल्याच दिवशी सरळ केलं. ते रोज त्याची नव्याने चौकशी करतात आणि रोज त्यांना तो आवडतो.

गावात अजून काहीजण म्हणतात, मॅडम, थेंब खोटे निघाले पण तुम्ही लोकांची आशा घालवलीत. याचा मला फार राग येतो. आशा कुणी घालवली? ज्याने दिवा ठेवून आठवण विकली त्याने, की दिवा कुठे ठेवला ते दाखवलं तिने? मोठ्या अभ्यासाची गरज नव्हती हो. एक वस्तू इकडची तिकडे सरकवून बघायची होती. कुणी चमत्कार दाखवला की पाया पडण्याआधी एवढं करा. जे खरं असेल त्याला सरकवल्याने काही होत नाही.

आणि आशेचंच म्हणाल तर त्या उंदराने आम्हाला दिली ती अशी. भावोजींना घरातली मोरी सापडायची नाही. ते उठायचे, बाहेरच्या दारापाशी जायचे, कुलूप खडखडवायचे, आणि ताईला धावत जावं लागायचं. आम्ही मोरीच्या दारावर एक हिरवा दिवा लावला. ताई त्यांना रोज हाताला धरून दिव्यापर्यंत न्यायची, रोज, न कंटाळता. कितीतरी दिवस काही झालं नाही. मग एकदा ती भाजी चिरत असताना ते उठले आणि तिच्या पाठीमागून एकटेच चालत गेले. तिने सुरी खाली ठेवली आणि ऐकत राहिली. कुलूप वाजलं नाही. मोरीचं दार वाजलं.

बाहेर आल्यावर त्यांनी वर बघितलं आणि विचारलं, "हा दिवा इथे कुणी लावला?"

"मी लावला," ताई म्हणाली.

"बरं केलंस."

हे ते रोज विचारतात. ताई रोज सांगते. दुकानाला म्हणून उठले तरी आता त्यांचे पाय आपोआप हिरव्या दिव्याकडेच वळतात. परवा तिने बाहेरच्या दाराचं कुलूप काढून ड्रॉवरमध्ये टाकलं.